सोलांनी निवडलेला दिवा

गोव्यातल्या फोंडा बाजारात एका अरुंद जिन्यावर दिव्यांचं दुकान आहे. गेल्या चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) आम्ही तिथून घरभर दिवे घेतले. वर्ष वापरून झालं, म्हणून आता लिहिते.

आधीची कथा थोडक्यात. आमचं घर म्हार्दोळजवळ, कौलारू. काही वर्षांपूर्वी सालीला, म्हणजे बैठकीच्या खोलीला, पीओपीचं छत घातलं, तेव्हा कंत्राटदाराने त्यात १२ गोल दिवे ठोकून दिले, सगळे ६५०० केल्विनचे, पांढरेफटक. (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका मोठा तितका उजेड पांढरा.) पहिल्या रात्री लख्ख वाटलं. आठवड्याभरात सासूबाई म्हणाल्या, "हॉस्पितालांत बशिल्ल्यावरी दिसता गो."

मी या दुकानात गेले ती झुंबर घ्यायला. मालकाने कॅटलॉग उघडलाच नाही. "बाय, उजवाड खंय जाय तें पयलीं सांगात, दिवे मागीर." म्हणजे उजेड कुठे हवा ते आधी सांगा, दिवे नंतर. कोण कुठे बसतं, कोण वाचतं, आदोळी (विळी) कुठे मांडता, सगळं विचारलं. मग माझ्या पिशवीतली बाजारातून घेतलेली सोलां (आमसुलं) मागून घेतली आणि टेबलावर पसरली. वर दोन बल्ब लावले, दोन्ही ९ वॅटचे, दोन्ही ३००० केल्विनचे. एकाखाली सोलां मातकट, जुनाट दिसली. दुसऱ्याखाली तीच सोलां जांभळट लाल, ओलसर. फरक सीआरआयचा, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. पहिला ८०चा, दुसरा ९०च्या वरचा. बाजारात वॅट सगळे विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही. बांगड्याचे कल्ले लाल आहेत की विटले आहेत, ते आता मला स्वयंपाकघरात नीट दिसतं.

सालीतले १२ पैकी ८ दिवे त्याने काढायला लावले. विकणारा माणूस कमी करायला सांगतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. उरलेले चार बदलून पिवळसर, वेगळ्या बटणावर. आरामखुर्चीशेजारी एक उभा दिवा. चिऱ्यांची एक भिंत आम्ही गिलावा न करता ठेवली आहे, तिच्या अगदी लगत वरून खाली उजेड सोडला. आता प्रत्येक चिऱ्याची भोकं उठून दिसतात, आणि पाहुणे विचारतात भिंत नवीन का.

ओट्यावर ४००० केल्विनची पट्टी आहे, पण कपाटाच्या पुढच्या कडेला. मागे भिंतीशी लावली असती तर उजेड फरशांवर पडला असता आणि कापताना हाताखाली अंधार. न्हाणीतल्या आरशाला दोन्ही बाजूंनी दिवे. वरून एकच असला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात. देवघरासाठी मात्र त्याने काहीच विकलं नाही. समई पुरे म्हणाला.

माटोळीला, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीला, २४ अंशांच्या झोताचे दोन स्पॉट, समोरून तिरके. पूर्वी आम्ही हॅलोजन लावायचो, त्या धगीने तिसऱ्या दिवशी आंब्याचे टाळे मान टाकायचे. यंदा पाचव्या दिवसापर्यंत हिरवे होते. चिबूड, आंबाडे, सुपारीचे घोस, सगळ्यांचे रंग वेगवेगळे दिसत होते. सासूबाई खुर्ची ओढून समोरच बसल्या.

आता तक्रार. उभ्या दिव्याला मी डिमर मागितला, त्याने दिला. उजेड कमी केला की दिवा लुकलुकायचा. आत साधा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) होता, डिमरला चालणारा वेगळा लागतो. हे विकतानाच सांगायला हवं होतं, कारण नंतर त्याचे पैसे मलाच पडले. जूनच्या गडगडाटात ओट्यावरच्या पट्टीचा ड्रायव्हरही गेला. तो वॉरंटीत बदलून मिळाला, पण तीन आठवड्यांनी, चार फोन करून. तोवर मी जुन्या ट्यूबखाली भाजी चिरली. दरही इतरांपेक्षा थोडे चढे आहेत, घासाघीस चालत नाही.

वसरीवरचा दिवा २७०० केल्विनचा आणि आयपी६५ घ्या. पाऊस आत जात नाही, आणि पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी पांढऱ्या उजेडापेक्षा इकडे कमी येते.

जाताना घराचे रात्री काढलेले फोटो न्या, दिवसाचे बघून तो काही सांगत नाही. एक ते साडेतीन दुकान बंद. मालक आतच निजलेला असतो, शटर वाजवलं तर उठत नाही.