पावसाळ्यात होडी उघड्यावर ठेवायची तर पालथी घालावी का ताडपत्री टाकावी?

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर आमच्या दोन होड्या आहेत, शेड नाही, जूनपासून उघड्यावरच असतात म्हणून दोन्ही प्रकार करून झालेत.

लहान होडी असंल तर सरळ पालथी घाला. पाणी साचायचा प्रश्नच मिटतो, आणि साचलेलं पाणी साधी गोष्ट नाही बरं का, एका चौरस मीटरवर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 50 लिटर, म्हणजे 50 किलो वजन, तळ वाकतो त्यानं. फक्त नुसती जमिनीवर टेकवू नका, आपली काळी माती ओल धरून बसते, लाकडाची होडी असंल तर वाळवी लागलीच समजा. दोन्ही टोकाखाली विटा नाहीतर ओंडके द्या, खालून वारा खेळला पाहिजे, आणि दोरीनं खुंट्याला बांधा कारण वावधानात हलकी होडी उडते.

इंजिनवाली मोठी होडी उलटवता येत नाही, तिला ताडपत्रीच. पण घट्ट आवळू नका. मी पहिल्या वर्षी आवळली, मधे खोलगट होऊन तळं साचलं आणि दसऱ्याला उघडली तर आतून थेंबच थेंब, बसायच्या फळीवर काळी बुरशी, लाइफ जॅकेटला कुबट वास. आता मधोमध बांबू देतो घराच्या आढ्यासारखा, दोन्ही तोंडं मोकळी, होडीचं नाक थोडं वर आणि पाणी निघून जायला मागचं बूच काढलेलं. उघडीप मिळाली की ताडपत्री काढायची, दिवसभर ऊन खाऊ द्यायचं, मगच परत टाकायची.