रोख, उधार का बेदाणा? एका एकराचा हिशेब

द्राक्षाचा माल काढणीला आला की सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, पलूसकडं पारावर एकच विषय, रोखीनं देऊया, चार पैसे जास्त घेऊन उधारीवर देऊया, का बेदाणा करूया. जो तो आपलं घोडं पुढं दामटतो पण कागदावर कोण मांडत नाही, म्हणून इथं मांडतोय. एक एकर, दहा टन माल धरू. आकडे धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

रोख किलोला ३६ रुपयांनी ३ लाख ६० हजार, विषय संपला.

उधारी ४२ रुपयांनी म्हणजे ४ लाख २० हजार, पण व्यापारी पळाला तर हातात शून्य. पैसे यायची शक्यता ९० टक्के धरली तर ४.२० गुणिले ०.९, म्हणजे ३ लाख ७८ हजार. यालाच एक्स्पेक्टेड व्हॅल्यू म्हणतात, प्रत्येक निकालाची रक्कम गुणिले त्याची शक्यता आणि सगळ्याची बेरीज. आता ९० टक्के कुणी ठरवलं म्हणाल तर बरोबर आहे, कुणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा उलटं करा, ३६ भागिले ४२ म्हणजे साधारण ८६ टक्के, पैसे यायची एवढी तरी खात्री हवी. असल्या सात व्यापाऱ्यांतला एक जरी बुडवणारा निघाला तरी ते वरचे सहा रुपये गेले, हिशेब रोखीच्या बरोबरीला आला. गेल्या काही वर्षांत गावात कितीजणांचे पैसे अडकलेत ते आठवा आणि मग ठरवा, गोड बोलण्यावर जाऊ नका.

बेदाण्याला साधारण चार किलोला एक किलो पडतो, म्हणजे अडीच टन. डिपिंग (वाळवायच्या आधी द्राक्षं द्रावणात बुडवणं), मजुरी, बॉक्स, कोल्ड स्टोरेज धरून एक लाख खर्च जाऊन हातात किती उरतं बघा. दर २५० लागला तर सव्वापाच लाख (शक्यता २० टक्के), २०० ला चार लाख (५० टक्के), १५० ला पावणेतीन (२० टक्के), आणि रॅकवर वाळत असताना अवकाळी येऊन माल काळा पडला, ८० नं गेला तर फक्त एक लाख (१० टक्के). बेरीज ३ लाख ७० हजार. गंमत अशी की हे ३.७० कुठल्याच वर्षी हातात पडत नाही, पडणार ते या चारातलं एकच.

म्हणजे तिन्ही आकडे जवळजवळच, उधारी थोडी वर. पण व्यापारी पन्नास बागा घेतो, त्याची सरासरी त्याच सीझनला निघते, आपली बाग एक आणि सीझन पण वर्षाला एक. डॅनियल बर्नुली या गणितज्ञानं १७३८ मध्येच लिहून ठेवलंय की तेवढाच रुपया गरिबाला आणि श्रीमंताला सारखा वाटत नाही. सोसायटीच्या कर्जाचे दोन लाख भरायचे असतील तर उधारीतलं शून्य आणि बेदाण्यातला एक लाख, दोन्ही तुम्हाला थकबाकीत घालतात, सरासरी काही का असेना.

माझं मत विचाराल तर कर्ज असेल तर अर्धी बाग रोख, अर्ध्याचा बेदाणा. सरासरी ३.६५ येते आणि सगळं बिघडलं तरी २ लाख ३० हजार हातात, वर बेदाणा कोल्डमध्ये ठेवून दराची वाट बघायची सोय आहेच, फक्त भाडं आणि व्याज चालू राहतं. कर्ज नसेल तर अख्खा बेदाणा केला तरी चालतंय. उधारीवरच द्यायची असेल तर एक लाख इसार आधी घ्या, मग ८६ ऐवजी ८१ टक्के खात्री पुरते. आणि इसार द्यायलाच जो का कू करतो त्याच्या नावापुढं ९० लिहायचं का ५०, ते तुम्हीच बघा.