अलीजंट: आठ महिने घरात ठेवून, दोनदा वाचून

आधीच सांगते, शेवट फोडणार आहे. ज्यांना व्हेरोनिका रॉथच्या डायव्हर्जंट सिरीजचं हे तिसरं पुस्तक अजून वाचायचंय त्यांनी इथूनच माघारी फिरा, नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत. तसं पुस्तक 2013 चं आहे, म्हणजे आता काय लपवायचं राहिलंय म्हणा, पण आमच्या घरात ते गेल्या दिवाळीत आलं त्यामुळे आमच्यासाठी ताजंच.

झालं असं की भाचीला दिवाळीला ड्रेस नको होता, पुस्तकं पाहिजे होती. कोल्हापुरातच राजारामपुरीत जाऊन तिन्हीचा सेट घेतला. पोरगी अकरावीला, सायन्स, क्लास, ट्युशन, सगळं असून पहिलं पुस्तक तिने दोन दिवसांत संपवलं आणि माझ्या मागं लागली, "मावशी वाच की, लई भारी हाय, मी तर रात्रभर झोपलोच नाही." (आमच्याकडं पोरी पण झोपलो, आलो, गेलोच म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.) मी शिरोलीला एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, जायला-यायला कंपनीची बस, तेवढ्या वेळात वाचायला लागले आणि खरं सांगते, दोनदा स्टॉप चुकता चुकता राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढच्या काळातलं शिकागो, भोवती कुंपण, बाहेर काय आहे कुणाला माहीत नाही. आत पाच गट, म्हणजे फॅक्शन: अ‍ॅब्नेगेशन निःस्वार्थी, अ‍ॅमिटी शांतताप्रिय, कँडर खरं बोलणारे, एरुडाइट हुशार आणि डॉन्टलेस धाडसी. सोळाव्या वर्षी आपला गट निवडायचा आणि एकदा निवडला की घर सुटलं. रक्ताआधी फॅक्शन. जे एका गटात बसत नाहीत ते डायव्हर्जंट आणि त्यांच्या जिवाला धोका. नायिका ट्रिस, तिचा ट्रेनर फोर, खरं नाव टोबायस, आणि त्यांचं ते प्रेमप्रकरण.

आता पेठेत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही. पेठेची तालीम आणि तिची फुटबॉल टीम म्हणजे काय, शाहू स्टेडियमवर मॅच असली की गल्लीत काय वातावरण असतं, लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेली पोरगी मॅचच्या दिवशी नेमकी कुणाच्या बाजूनं ओरडते, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे पहिलं पुस्तक आमच्या घरात एकदम बसलं. भाचीनं सगळ्यांना फॅक्शन वाटून टाकले. आज्जी कँडर, कारण तोंडावर बोलते. दाजी अ‍ॅमिटी, कुणाशीच भांडत नाहीत, ताईशी तर अजिबातच नाही. मला एरुडाइट दिलं, त्यावर मी खूश होते, मग कळलं की पुस्तकात तेच व्हिलन आहेत.

दुसरं, इन्सर्जंट, जरा पसरट आहे पण शेवट असला जबरदस्त की पुस्तक मिटल्या मिटल्या तिसरं हातात घ्यावंच लागतं. कुंपणाबाहेर माणसं आहेत आणि हे शहर मुद्दाम बंद करून ठेवलंय एवढं कळतं. म्हणजे दोन पुस्तकं, हजारभर पानं, आपण एकाच प्रश्नावर जगतोय की बाहेर काय आहे.

आणि बाहेर आहे विमानतळ.

चेष्टा नाही. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाच्या आवारात एक सरकारी ब्युरो बसलाय आणि तो कॅमेऱ्यातून शहराकडं बघतोय. उद्या कोल्हापूरला कुंपण घातलं, पिढ्यानपिढ्या कुणी बाहेर पडलं नाही आणि शेवटी जीव धोक्यात घालून चारजण बाहेर गेले तर सगळं रहस्य उजळाईवाडीच्या विमानतळावर स्क्रीनसमोर चहा पीत बसलेलं, असं झालं हे. वाचताना मला वाटलं हा एक टप्पा असेल, पुढं अजून काहीतरी मोठं येईल. पुढं कॉरिडॉर येतात. लॅब, कंट्रोल रूम, मीटिंग, परत कॉरिडॉर. ज्या पोरांनी चालत्या ट्रेनमधून उड्या मारल्या ती पोरं निम्मं पुस्तक कुणीतरी समजावून सांगतंय ते ऐकत उभी आहेत.

काय समजावून सांगतात तर म्हणे कधीकाळी सरकारनं माणसांच्या जीनमध्ये सुधारणा करायला घेतल्या, त्या अंगलट आल्या, युद्ध झालं, मग बिघडलेल्या जीनची माणसं शहरात कोंडून पिढ्यानपिढ्या आपोआप नीट होतात का बघायचं ठरवलं. डायव्हर्जंट म्हणजे नीट झालेले. बाकीचे डॅमेज्ड. आणि बाहेरच्या जगात जीनवरून माणसाची पायरी ठरते, शुद्ध वर, डॅमेज्ड खाली, खालच्यांना हलकी कामं, नाहीतर शहरांच्या मधल्या झोपड्यांत राहायचं.

इथं मी सरसावून बसले होते, कारण हा विषय आपल्या घरचा आहे. जन्मानं माणूस शुद्ध-अशुद्ध ठरवायचा आणि वर त्याला शास्त्राचा आधार आहे म्हणून सांगायचं, हे आपल्याला शिकागोवरून शिकायला नको. दसरा चौकातून रोज जाते मी. एका बाजूला जैन बोर्डिंग, जवळच मुस्लिम बोर्डिंग, चौकात शाहू महाराजांचा पुतळा. ज्या समाजातल्या पोराला गावात राहून शिकता येत नव्हतं त्याच्यासाठी ही बोर्डिंगं उभी राहिली, आणि 1902 ला महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या. म्हणजे डॅमेज्ड ठरवलेल्या माणसाला रक्त तपासून नाही तर शाळा आणि नोकरी देऊन वर आणता येतं हे आमच्या चौकात उभं आहे. पुस्तकात मात्र टोबायसला कळतं की तो खरा डायव्हर्जंट नाहीच, डॅमेज्ड आहे, आणि तो असा काही ढासळतो की बस. चला, तेही पटलं असतं, ज्याच्या मनावर शिक्का बसतो तो तसाच वागायला लागतो. ह्यावर अख्खं पुस्तक झालं असतं! पण लेखिका तिथं थांबतच नाही, पाच-पन्नास पानांत त्याला बंडखोरांच्या नादी लावते, स्फोट करते, त्यात त्यांचा मित्र, बिचारा युराया जातो आणि मूळ प्रश्न आपला कोपऱ्यात.

दुसरी तक्रार आवाजाची. पहिली दोन पुस्तकं ट्रिस एकटी सांगते. तिसऱ्यात एक प्रकरण ट्रिसचं, एक टोबायसचं. वर नाव छापलंय म्हणून कळतं, नाहीतर कोण बोलतंय याचा पत्ता लागत नाही, दोघं सारखाच विचार करतात, सारखंच हळवं होतात. बसमध्ये पुस्तक मध्येच मिटून परत उघडलं की मला प्रत्येक वेळी मागं जाऊन नाव बघायला लागायचं. मराठीत असतं तर गेलो-गेले वरून तरी कळलं असतं असं मी भाचीला म्हटलं, तर ती म्हणते, "कोल्हापुरात केलं असतं तर ते पण कळलं नसतं की." शंभर टक्के बरोबर आहे तिचं.

बरं, हा दुसरा आवाज कशाला आणलाय ते हुशार वाचकाला मध्यावरच कळतं. ज्याला पुढं एकट्यानं गोष्ट सांगायची आहे त्याला आधीपासून बोलतं केलंय. म्हणजे शेवट दोनशे पानं आधीच फुटला. मी फाउंड्रीत रोज हेच बघते, पॅटर्नच (ज्यावरून साचा करतात तो नमुना) असा केलाय की कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, कुठं क्रॅक होणार ते ओतायच्या आधी दिसतंय.

प्रेमाचं काय विचारता. ज्यासाठी पोरी हे वाचतात ते प्रेम इथं भांडण, संशय, सॉरी, परत भांडण. ती निटा नावाची मुलगी आणली आहे ती फक्त ट्रिसला जळवायला आणली की काय असं वाटतं. आज्जीनं एकदा विचारलं काय चाललंय गोष्टीत, भाची म्हणाली दोघं रुसलेत. चार दिवसांनी परत विचारलं, अजून रुसलेलेच. आज्जी म्हणाली लग्न झालेलं दिसतंय.

आता मुख्य. ट्रिस मरते.

भाचीनं ते डिसेंबरमध्ये एका रात्री वाचलं. जेवायला बोलावलं तर आली नाही, ताई ओरडून दमली, शेवटी मी खोलीत गेले तर पुस्तक पालथं पडलेलं आणि ही भिंतीकडं तोंड करून. "मारलं तिला मावशी." मला आधी वाटलं कॉलेजमध्ये काहीतरी झालं. ताटातली भाकरी तशीच, तांबडा रस्सा गार होऊन वर तवंगाचा थर आलेला. मी नंतर आठवड्यात वाचलं आणि मला पण राग आला, अगदी पैसे परत मागावेत असा. तेव्हा हे लिहिलं असतं तर एकच वाक्य लिहिलं असतं की नायिकेला मारलं, घेऊ नका.

पण जुलैत परत वाचलं. पाऊस लागून राहिलेला, पंचगंगा इशारा पातळीच्या म्हणजे 39 फुटांच्या आसपास घुटमळत होती, सगळेजण मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे बघत बसलेले. पहिली दोन पुस्तकं शेजारच्या पोरानं नेलेली, घरात हे एकटंच होतं. आणि ह्यावेळी ट्रिसच्या मरणाचा राग आला नाही, उलट तिनं भावाच्या जागी जाणं पटलं. केलबनं तिला दगा दिला होता, तो जाणार होता त्या लॅबमध्ये मरायला, आणि ही ऐनवेळी त्याला बाजूला करून स्वतः आत जाते. अ‍ॅब्नेगेशनच्या घरात वाढलेली पोरगी आहे, निःस्वार्थीपणा म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको. तिथं विष तिच्यावर चालत नाही, त्यातून ती वाचते आणि मग एक व्हीलचेअरवरचा माणूस साधी बंदूक काढून गोळी घालतो. शेवटी आई दिसते आणि ही तिला विचारते, झालं का माझं काम. हे मी दुसऱ्यांदा वाचताना दोन मिनिटं पुस्तक बाजूला ठेवलं.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा, पहिल्यांदा रडण्याच्या नादात जी दिसलीच नव्हती. ती त्या लॅबमध्ये कशाला गेलीय? ब्युरोवाले शहरातल्या सगळ्यांची आठवण पुसणार असतात, हे किती भयंकर आहे म्हणून ट्रिसची टोळी पेटून उठते. आणि उपाय काय काढतात, तर ब्युरोतल्याच सगळ्यांची आठवण पुसायची! साफसफाई करणारा, स्वयंपाक करणारा, सगळे आले त्यात. ह्यांनी केलं तर पाप आणि आपण केलं तर क्रांती. ह्यावर कुणी नीट बसून भांडत पण नाही. पहिल्या पुस्तकातली ट्रिस भांडली असती.

आमच्यात एक प्रकार असतो, वरून कास्टिंग एकदम चकाचक, व्हिज्युअलला पास, फेटलिंग म्हणजे घासून साफसफाई झाली, रंग मारून गेलं, आणि गिऱ्हाइकाकडं मशीनिंगला लावलं की पोटात ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघतो. मग फोन येतो. हे पुस्तक तसंय. पहिल्या वाचनात मरणाचा रंग एवढा जाड मारलाय की आतलं दिसत नाही. 2011, 2012, 2013, तीन वर्षांत तीन जाड पुस्तकं, पहिलं तर व्हेरोनिका रॉथनं कॉलेजात असताना लिहिलेलं. त्या वयात मला धड रजेचा अर्ज लिहिता येत नव्हता, त्यामुळे बाईला मानलं. पण साचा गार व्हायच्या आत नॉकआउट केलं, म्हणजे फोडून कास्टिंग बाहेर काढलं, की काय होतं ते आम्हाला विचारा.

चांगलं काहीच नाही असं पण नाही. टोबायस शहराची सत्ता हातात घेतलेल्या आईसमोर जातो, हातात आठवण पुसायचं औषध आहे, आणि तो तिला निवडायला सांगतो, सत्ता की मुलगा. छोटाच प्रसंग, पण अख्ख्या पुस्तकात इथं माणसं माणसांसारखी बोलतात. आणि शेवटचं, अडीच वर्षांनंतरचं प्रकरण. उंचीला घाबरणारा हा गडी हॅनकॉक बिल्डिंगवरून झिपलाइननं ट्रिसची राख घेऊन खाली येतो. पहिल्या पुस्तकात त्याच तारेवरून ती हसत गेली होती. मी बसमध्ये होते, डोळ्यात काहीतरी गेल्याचं नाटक करायला लागलं.

सिनेमाच्या भरवशावर राहू नका. ह्या शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचं ठरलं होतं, पहिला 2016 ला आला, दणकून पडला, दुसरा निघालाच नाही.

पुस्तकाची अवस्था: आठ महिन्यांत पहिल्याच्या कव्हरचा कोपरा गेलाय, एका पानावर शेंगदाण्याच्या चटणीचं तेल, कणा मधोमध मोडलाय, चौघांनी वाचलं. दुसरं पण तसंच मऊ झालंय. तिसरं अजून दुकानातून आणल्यासारखं, मध्ये केएमटी बसचं तिकीट तेवढं अडकलंय, माझ्या मैत्रिणीनं जिथं सोडलं तिथं. पाचपैकी पहिल्याला साडेचार, दुसऱ्याला साडेतीन, ह्याला दोन. डिसेंबरमध्ये एक दिला असता.

परवा शेजारचा पोरगा पहिली दोन परत द्यायला आला आणि तिसरं मागायला लागला. मी नको म्हणणार तेवढ्यात भाचीनं आतून आणून हातात ठेवलं, तिकीट काढून घेतलं आणि म्हणाली, "शेवटची शंभर पानं जेवून झाल्यावर वाच हां. आमच्यात रस्सा वाया गेलता."