लांब सपाट धावेसाठी तिघांतलं कोणतं घोडं?

माळेगावच्या यात्रेतून भाच्याचा फोन आला. तीन घोडी त्याच्या मनात भरली होती, एकच घ्यायचं होतं, आणि गावची धाव होती सपाट माळावरची, तीन किलोमीटरची. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या त्या बाजारात भल्याभल्यांची नजर फिरते, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच लोह्याला उतरून गेलो आणि तिन्ही जनावरं माळावर पळवून पाहिली. अशाच पेचात आणखी कुणी असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी अंतराचं बोलू. ऑस्ट्रेलियातली मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत ३२०० मीटरची असते. तिथला १९९० सालचा विक्रम ३ मिनिटं १६ सेकंदांचा आहे, आणि तोही निवडक घोड्यांमधला. आपल्या माळावर चार मिनिटं तरी धरा. पहिल्या अर्ध्या किलोमीटरला कुठलंही तरणं घोडं देखणं दिसतं. पुढं दमसास लागतो, आणि बाजारात नेमका तोच कुणी तपासत नाही.

पहिली मारवाडी घोडी. कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय नि कपाळ पांढरं, साठ इंची, किंमत तिघांत सगळ्यात जास्त. व्यापाऱ्यानं हलगीवर नाचवून दाखवली, रेवाल चालीत फिरवली. पाठीवर बसलं तर पोटातलं पाणी हलत नाही, खरंच. वरातीला, मिरवणुकीला हिच्यासारखी दुसरी नाही. पण चौखूर सोडली तेव्हा मान वरच, हनुवटी छातीकडं ओढलेली. चौखूर धावताना घोडं एका ढांगेला एकच श्वास घेतं. मान अशी आखडलेली असली की घशाची वाट अरुंद होते, ढांग तोकडी पडते आणि श्वासही तोकडाच. यात घोडीचा काही दोष नाही, तिला वर्षानुवर्षं शिकवलंच तसं. ही सवय एका हंगामात मोडत नाही. मी तिला तिथंच बाजूला काढलं.

दुसरा पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेल्या विलायती जातीचा. सात वर्षांचा, चौसष्ट इंची. भाच्याचं मन याच्यावरच बसलं होतं, आणि का बसलं ते पहिल्या पाचशे मीटरमध्येच कळलं. बाकीची दोन्ही उभी असल्यासारखी वाटली. सरळ सांगतो, सपाटीवर थरोब्रेडला आपलं देशी घोडं वेगात गाठत नाही. तरीही हा नको म्हणालो.

एक तर त्याच्या कागदांवरच्या जिंकलेल्या शर्यती हजार आणि बाराशे मीटरच्या. थरोब्रेड म्हणजे सगळे सारखे नव्हेत. पुण्याची इंडियन सेंट लेजर ही शर्यत २८०० मीटरची असते, तिथं टिकणारं रक्त वेगळं आणि हजार मीटरला सुसाट सुटणारं वेगळं. डब्लिनच्या संशोधकांनी २०१० साली स्नायूंच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या एका जनुकाशी हा फरक जोडून दाखवला. खुराक वाढवून किंवा रोज दामटून छोट्या पल्ल्याचा घोडा लांब पल्ल्याचा होत नाही. दुसरं म्हणजे पुढच्या डाव्या पायाच्या नळीमागची शीर, म्हणजे कंडरा, हाताला गरम लागली, दुखावल्याची खूण. कडक मुरमाच्या माळावर ती किती दिवस टिकेल? सेंट लेजरच्या पल्ल्याचा आणि धडधाकट पायांचा असता, तर मी पुढचं काही पाहिलंच नसतं.

तिसरा काठेवाडी. सब्जा, म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाचा, जेमतेम अठ्ठावन्न इंच, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली. भाच्यानं त्याला नुसतं मोजणीला धरलं होतं. छातीवर नको त्या जागी केसांचा भोवरा, तो अशुभ मानतात, म्हणून व्यापारी स्वतःच किंमत उतरवत होता. भोवऱ्यावरून जनावर नाकारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण भोवरा काही धावत नाही. याचे खूर काळे आणि कडक, नळ्या कोरड्या, धावताना मान मोकळी पुढं.

तिघांनाही धावेआधी आणि धावेनंतर दहा मिनिटांनी डाव्या कोपराच्या मागं हात ठेवून ठोके मोजले. उभ्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात. दहा मिनिटांनी मारवाडीचे ७२ होते, थरोब्रेडचे ८४, काठेवाडीचे ५६. माझ्यासाठी निकाल इथंच लागला. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं, एवढंच काम आहे.

आता स्वाराचं वजन. ‘फार लॅप’ नावाचा घोडा १९३० साली साडेबासष्ट किलो घेऊन मेलबर्न कप जिंकला आणि पुढच्या वर्षी अडुसष्ट किलो लादल्यावर आठवा आला. मकायबी दिवा या घोडीनं २००३ ते २००५ अशी सलग तीन वर्षं तो कप जिंकला, ५१, मग साडेपंचावन्न, मग ५८ किलो घेऊन. म्हणजे वजन पेलणारी जनावरं असतात, पण विरळा. भाच्याचं वजन बहात्तर आहे. अठ्ठावन्न इंची घोड्यावर त्यानं स्वतः बसू नये, धाकट्या चुलतभावाला बसवावं. हे ऐकून तो हिरमुसला, तरी मी शब्द मागं घेतला नाही.

काठेवाडीचे दात पाहिले, कडेचे दातही पुरे आलेले, म्हणजे पाच वर्षं उलटलेली. राहिली ग्लँडर्सची तपासणी. हा रोग माणसालाही होतो आणि सापडलेलं जनावर मारावंच लागतं. म्हणून पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून रक्त काढून घेतलं, नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जाईल. व्यापाऱ्याला इसार दिला आहे. अहवाल स्वच्छ आला की उरलेले पैसे देऊन सब्ज्याला घरी आणायचं.