बोगद्यातल्या पाइपाभोवती काय भरायचं: साधं ग्राउट की फेसाचं?

ग्राउट म्हणजे पोकळीत ओतायचं पातळ सिमेंटचं मिश्रण. साधं सिमेंट-वाळूचं ग्राउट घनमीटरला साधारण 1900 किलो, फेसाचं (फेस मिसळून हलकं केलेलं) 600 किलोचंही बनतं. फरक पाइप तरंगण्यात दिसतो. बाहेरून 1 मीटर व्यासाचा पाइप पूर्ण बुडाला, तर साधं ग्राउट त्याला दर मीटरला सुमारे 1490 किलोने वर ढकलतं. फेसाचं 470 किलोने. म्हणून साधं ग्राउट थराथराने ओतावं लागतं, पाइप पाण्याने भरून ठेवावा लागतो. शिवाय फेसाचं कमी दाबावर लांब जातं. ताकद कमी, पण पोकळी भरायला पुरते.

गोव्यात मात्र जांभ्यातून पावसाळाभर पाणी झिरपतं. पाण्याहून हलकं ग्राउट साचलेल्या पाण्यावर तरंगेल, खाली पोकळी राहील. उपसा नीट होणार नसेल, तर मी साधंच घेईन.