फोकस स्टॅकिंगसाठी फोटोशॉप, हेलिकॉन की झेरीन?

कासच्या पठारावरचा दवबिंदू जवळून टिपायचा म्हटलं की एका फ्रेमचं काम राहत नाही. या कीटकभक्षी रोपाच्या पानावर लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मॅक्रो लेन्सने एवढ्या जवळून एका वेळी एक-दोनच थेंब स्पष्ट येतात. म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत चाळीस-पन्नास रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम्स घ्यायच्या आणि घरी येऊन एका फोटोत जोडायच्या, यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात. खरा प्रश्न तिथे सुरू होतो, कारण जोडलेल्या फोटोत पुढच्या केसाच्या दोन्ही बाजूंना धुरकट पट्टा दिसतो.

हा पट्टा का येतो ते आधी समजून घ्या, म्हणजे फोटोशॉप, हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर या जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निवडणं सोपं जाईल. मागच्या केसावर फोकस असताना पुढचा केस धूसर होऊन पसरतो आणि मागचा थोडा भाग झाकतो. पुढच्यावर फोकस असताना मागचं सगळं धूसर असतं. म्हणजे त्या चिंचोळ्या जागेतला तपशील कुठल्याच फ्रेममध्ये स्वच्छ नसतो. तिथे काय भरायचं हे सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने ठरवतं.

फोटोशॉपची ऑटो-ब्लेंड लेयर्स ही सोय प्रत्येक भागासाठी सगळ्यात स्पष्ट लेयर निवडते आणि बाकीच्यांवर मास्क (तो भाग लपवणारा पडदा) लावते. समोर दगड, मागे डोंगर अशा पाच-सात फ्रेम्सच्या निसर्गचित्राला हे पुरतं. मास्क डोळ्यांसमोर असतात, चुकलेली जागा ब्रशने सुधारता येते. दवबिंदूसारख्या एकमेकांवर आलेल्या केसांत मात्र मधेच धूसर तुकडे राहतात, आणि पन्नास मास्क हाताने दुरुस्त करायला संयमही पुरत नाही. आधीच दरमहा फोटोशॉपचे पैसे भरत असाल तर सुरुवात इथूनच करा, वेगळं काही घेऊ नका.

झेरीन स्टॅकरमध्ये दोन पद्धती आहेत. पीमॅक्स केसांच्या गुंत्यात सगळ्यात भरवशाची, पण ती कॉन्ट्रास्ट चढवते आणि प्रत्येक फ्रेममधला नॉइज (दाणेदारपणा) गोळा करत जाते. डीमॅप रंग आणि पोत मूळच्यासारखे ठेवते, पण केस एकमेकांना छेदतात तिथे तोच धुरकट पट्टा उमटतो. म्हणून डीमॅपचा फोटो पाया धरायचा आणि फक्त केसांच्या जागी पीमॅक्सचा भाग ब्रशने आणायचा. यासाठीचं झेरीनचं रिटचिंग मला अजूनही सगळ्यात हाताळायला सोपं वाटतं. अडचण रॉची. झेरीन रॉ फाइल घेत नाही, आधी १६ बिट टिफ करून द्यावी लागते. २४ मेगापिक्सेलची एक टिफ साधारण १४४ एमबी होते, म्हणजे ६० फ्रेम्सना साडेआठ जीबी. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेचा तोल) तिथेच पक्का होतो.

हेलिकॉन फोकस इथे वेगळं पडतं. त्याच्या ए, बी, सी या तीन पद्धतींपैकी बी ही डेप्थ मॅपवर (कुठला भाग किती दूर आहे याच्या नकाशावर) चालते, सी पिरॅमिडवर (चित्राचे लहान-मोठ्या तपशिलांचे थर करून). केसांसाठी सी, गुळगुळीत पाकळीसाठी बी. पण त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे रॉ देऊन डीएनजी (रॉसारखीच संपादित करता येणारी फाइल) परत मिळतो आणि व्हाइट बॅलन्स, हायलाइट्स नंतर बदलता येतात. इथेच बरेच जण गोंधळतात: लाइटरूममध्ये (रॉ फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) आधी केलेले बदल या डीएनजीत उतरत नाहीत. फोटो फिका दिसला म्हणून स्टॅक बिघडला असं समजू नका, सगळं संपादन डीएनजीवर करा. दुसरं, या डीएनजीत सेन्सरचं मूळ मोझेक (दर पिक्सेलला एकच रंग नोंदवणारी कच्ची मांडणी) उरलेलं नसतं, म्हणून मूळ रॉवरच चालणारं नॉइज रिडक्शन इथे गृहीत धरू नका. आणि लाइट आवृत्तीत रिटचिंग नाही, घेताना हे आधी बघा.

काही दोष तिन्हींत सारखेच येतात आणि त्यांचं मूळ जोडणीच्या आधी असतं. माझ्या एका स्टॅकमध्ये पानाचा हिरवा रंग पट्ट्यापट्ट्यांनी बदलत होता. दोन रात्री मी सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जशी झगडत होतो. शेवटी लाइटरूममध्ये फ्रेम्स शेजारी शेजारी लावल्यावर दिसलं की व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता आणि ढग आल्यावर तो सरकला होता. पहिल्या फ्रेमचा आकडा सगळ्यांना सिंक केला आणि पट्टे गेले. शार्पनिंगही टिफ करण्याआधी शून्यावर आणा, नाहीतर कडा करवतीसारख्या होतात. फोटोभर ठिपक्यांची माळ दिसली तर ती सेन्सरवरच्या धुळीची: फोकस बदलताना चित्राचा आकार किंचित बदलतो, सॉफ्टवेअर तो जुळवतं आणि एकाच कणाची रांग उमटते. आकाराच्या याच फरकाने कडेला ओढल्यासारख्या रेघा येतात, त्यासाठी फोटो काढतानाच चारही बाजूंना जागा सोडा.

मी स्वतः केसाळ, गुंत्याच्या विषयांना झेरीन वापरतो. फुलं, दागिने, नाणी यांचे स्टॅक करणाऱ्याला आणि रंग शेवटी ठरवणाऱ्याला हेलिकॉन सुचवेन. दोन्हींची ३० दिवसांची मोफत चाचणी मिळते. त्या दिवसांत सोप्या फुलावर वेळ घालवू नका, तुमच्याकडचा सगळ्यात किचकट स्टॅक दोन्हींत चालवा आणि केस एकमेकांना छेदतात ती जागा १०० टक्के मोठी करून बघा.