कूलंट घटतं पण गळती दिसत नाही: हातपंपाचा प्रेशर टेस्टर किती कामाचा?

बोटीच्या डिझेल इंजिनात कूलंट वारंवार भरावं लागतंय आणि बिल्ज (बोटीचा तळ, जिथे गळलेलं पाणी साचतं) मात्र कोरडी, अशा वेळी हा टेस्टर पेटीत असायलाच हवा. हातपंप, डायल, छोटा होज आणि कूलंट टाकीच्या तोंडावर बसणारे अडॅप्टर, एवढाच ऐवज.

आधी टेस्टरच तपासा. कॅप तपासायच्या अडॅप्टरवर चांगली कॅप (टाकीचं दाब धरणारं झाकण) लावून दाब भरा. इथेच काटा उतरला तर दोष टेस्टरच्या सांध्यांत आहे. मग इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवर अडॅप्टर बसवा आणि कॅपवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या, 0.5 बार असेल तर 0.5 बार, 0.9 असेल तर 0.9. त्यापुढे गेलात तर हीट एक्स्चेंजरची (खाऱ्या पाण्याने कूलंट थंड करणारा भाग) रबरी टोकं आणि जुने होज नाहक फाटतील. 15 ते 20 मिनिटं काटा हलता कामा नये. गरम इंजिनावर हे मोजमाप फसतं, कारण कूलंट निवताना दाब आपोआप उतरतो.

काटा उतरला की क्लॅम्प, होजची टोकं आणि कूलंट फिरवणाऱ्या पंपाचं वीप होल (सील गेल्यास जिथून ठिबकतं ते छोटं छिद्र) टॉर्चने पाहा. तिथे कोरडं असेल तर खरी शंका हीट एक्स्चेंजरवर. त्यातली एखादी नळी कुजली की कूलंट खाऱ्या पाण्यात मिसळून एक्झॉस्टवाटे बाहेर जातं, म्हणून बिल्जमध्ये काही दिसत नाही. सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा, खारं पाणी काढा, एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडा आणि दाब कायम ठेवून नळ्यांची तोंडं पुसत राहा. ज्या तोंडातून थेंब येईल ती नळी गेली. झाकण उघडताना आतला नळ्यांचा गठ्ठाच सैल होईल अशी रचना असेल तर ही चाचणी तशी करता येत नाही. गठ्ठा काढून वेगळा तपासावा लागतो. काम झाल्यावर सी-कॉक उघडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, खाऱ्या पाण्याच्या पंपातल्या कोरड्या इम्पेलरची (फिरत्या रबरी चाकाची) पाती काही वेळातच जातात.

आंघोळीचं पाणी तापवणारी टाकी इंजिनाला जोडलेली असेल तर तिचे दोन्ही होज चिमटून पुन्हा दाब द्या. आता काटा थांबला तर गळती त्या टाकीच्या कॉइलमध्ये. इथे हयगय नको, एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. त्या टाकीचं पाणी पिणं, स्वयंपाकाला वापरणं लगेच थांबवा.

बाहेर काहीच सापडलं नाही तर शंका हेड गॅस्केटवर (सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधलं सील). दाब दिल्यानंतर कूलंट सिलिंडरमध्ये साचलं असू शकतं, म्हणून इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवा. थेट स्टार्टर मारलात तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

उणीव डायलची. अनेक किटमध्ये तो 2.5 बारपर्यंत असतो, त्यामुळे 0.5 बारची चाचणी सुरुवातीच्या एक पंचमांश भागात उरकते आणि बारीक घट नजरेला पडत नाही. 1 किंवा 1.6 बारचा डायल असलेलं किट घ्या. दुसरं म्हणजे, अडॅप्टर बहुधा मोटारींच्या मापाचे असतात. आपल्या टाकीच्या तोंडाचा व्यास आणि खोली मोजूनच खरेदी करा, नाहीतर फुगणाऱ्या रबरी बुचाचा अडॅप्टर बघा.

कॅपचीही परीक्षा इथेच होते. छापील दाबाच्या बऱ्याच आधी ती सुटत असेल तर आधी कॅप बदला. ओव्हरफ्लो बाटली भरत चाललीय आणि टाकी रिकामी होतेय, तर कॅपचा आत ओढणारा व्हॉल्व्ह किंवा बाटलीकडचा होज तपासा.